अखेरच्या वाटेवर सोबत कोणाची?

स्मरणिका म्हटली की संस्थेच्या वाटचालीचा आढावा, माजी विद्यार्थ्यांची मनोगते आणि मान्यवरांच्या शुभेच्छा असे तिचे स्वरूप ठरून गेलेले असते. अशा आनंदाच्या प्रसंगी मृत्यूसारखा विषय काढणे काही वाचकांना अनुचित वाटेल. तरीही आम्ही तो काढीत आहोत. हा विषय आम्हाला सुचलेला नाही; आमच्या वसतिगृहातील सहाव्या वर्गाच्या एका विद्यार्थ्याने तो आमच्यापुढे ठेवला, आणि तेव्हापासून त्याने आमची पाठ सोडलेली नाही.

हा मुलगा आजोबांच्या अंत्यविधीसाठी गावी गेला होता. पंधरवड्याने परतला तो अबोल होऊन. सायंकाळची वंदना आटोपून इतर मुले जेवायला गेली, हा मात्र बुद्धमूर्तीसमोर बसून राहिला. आम्ही जवळ जाऊन बसलो तेव्हा त्याने विचारले, ‘‘सर, माह्या आबाले कोन घेऊन गेलं? शेजारची काकू म्हणे, यमाचे दूत येतात. गाय दान नाही केली त माणूस नदीच्या अलीकडंच राह्यते म्हणे.’’

आम्ही इतिहासाचे शिक्षक. बावीस प्रतिज्ञा आम्हाला मुखोद्गत. आम्ही तत्काळ उत्तर दिले, की यमदूत नाहीत, ती नदी नाही, आणि आत्मा नावाची वस्तूही नाही. तेव्हा कोणी कोणाला नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘मंग आबा एकटाच गेला?’’

आमचे उत्तर सिद्धान्ताच्या दृष्टीने बिनचूक होते. पण ते मुलाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा शोध आहे.

मरणाऱ्याला सोबत असावी ही इच्छा मानवजातीइतकीच जुनी असावी. प्राचीन इजिप्तमध्ये कोल्ह्याच्या मुखाचा अनुबिस मृताला न्यायनिवाड्याच्या तराजूपर्यंत पोहोचवीत असे. ग्रीकांचा हर्मिस मृतांना नदीकाठापर्यंत नेई आणि पुढे नावाडी त्यांना पार करी. त्याच्या उतराईसाठी प्रेताच्या मुखात नाणे ठेवीत. आपल्याकडे महाभारतातील युधिष्ठिराच्या अखेरच्या वाटचालीत भाऊ आणि पत्नी एकेक करून गळून पडतात आणि शेवटपर्यंत सोबत उरतो तो एक कुत्रा. सावित्री यमाच्या मागोमाग चालत जाते. या कथा रचणाऱ्यांना मृत्यूपेक्षाही एकटेपणाचे भय अधिक वाटत असले पाहिजे. त्या भयाची थट्टा करण्याचा अधिकार कोणत्याही विवेकवाद्याला नाही, कारण ते भय त्यालाही आहे.

परंतु भय ही एक गोष्ट आणि भयाचा व्यापार ही दुसरी. गरुडपुराणाच्या प्रेतखंडात या प्रवासाचा तपशील कसा दिला आहे तो पाहावा. यमलोकीची वाट शहाऐंशी हजार योजने. तिच्यावर सोळा नगरे आणि रक्तपुवाने भरलेली वैतरणी. पहिल्या दहा दिवसांच्या पिंडांतून मृताला एकेक अवयव मिळत जातो. पिंड न दिल्यास त्याला देहच लाभत नाही. वाट तापलेली, म्हणून जोडे दान करावे. ऊन प्रखर, म्हणून छत्री द्यावी. नदी पार करायची, म्हणून गाय द्यावी. आणि हे जोडे, ही छत्री, ही गाय प्रत्यक्षात कोणाच्या घरी पोहोचते? परलोकात चालणाऱ्याच्या नावाने इहलोकातील एका विशिष्ट वर्गाचा संसार चालावा, अशी ही योजना आहे. शोकाने मन दुबळे झालेल्या कुटुंबाला ‘तुझा बाप नदीकाठी अडकला आहे’ असे सांगितल्यावर ते कुटुंब शेत गहाण टाकील, पण गाय देईल. वऱ्हाडात कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरची तेरवी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हाला येथे आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती पुराणात नाही. गावगाड्यात कोणी मरण पावले की खरी धावपळ कोणाची होत असे? मरणाची खबर घेऊन परगावच्या सोयऱ्यांकडे कोस-कोस पायी जाणारा महार. चितेसाठी लाकडे आणून टाकणारा महार. भर पावसात, मध्यरात्री, सणावारी, हाक आली की निघायचे. ज्याच्या तोंडून पहिल्यांदा ‘तुमचा माणूस गेला’ हे शब्द यायचे, त्याला ते अंगणाबाहेरूनच उच्चारावे लागत. मोबदला म्हणून प्रेतावरचे वस्त्र. म्हणजे गावाच्या प्रत्येक मृताची खरीखुरी सोबत ज्या समाजाने केली, त्याचा स्पर्श जिवंतपणीही विटाळ आणि मेल्यावरही विटाळ. त्याची स्वतःची स्मशानभूमी वेगळी. आजही काही गावांत तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवरून तंटे होतात. कल्पनेतील यमदूताला धर्मग्रंथात स्थान मिळाले. खबर नेणाऱ्या जिवंत माणसाला मिळाले नाही. आमच्या पूर्वजांनी ही सक्तीची सोबत सोडली तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडले. बाबासाहेबांनी आपल्याला केवळ पाणवठा आणि मंदिर यांविषयी जागे केले असे नव्हे. मरणाच्या भोवतीची ही गुलामीही त्यांनी ओळखली होती.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी दिलेल्या प्रतिज्ञांत सहावी प्रतिज्ञा श्राद्ध व पिंडदान न करण्याची आहे. ती केवळ एका कर्मकांडाचा निषेध करीत नाही. आपल्या मृतांचा ताबा दुसऱ्याच्या हाती देण्यास ती नकार देते. या नकाराची परंपरा त्याहून जुनी आहे. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, तो जन्म-विवाह-मृत्यू या तिन्ही प्रसंगी मध्यस्थ नाकारण्यासाठीच. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिरावांचे निधन झाले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. जिने आयुष्यभर सोबत केली तिला अखेरच्या वाटेवर मागे थांबविणारा धर्म त्यांनी त्या दिवशी मोडला. आमच्याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्यांना कीर्तनातून कसे फटकारले, हे वऱ्हाडातील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही.

आता प्रश्न असा, की नाकारल्यानंतर हाती काय उरते? बाबासाहेबांनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्मा नाकारल्यावर कर्म व पुनर्जन्म यांचा अर्थ काय, हा एक मुख्य प्रश्न म्हणून मांडला आहे. देह ज्या पृथ्वी, आप, तेज, वायू या तत्त्वांचा बनतो ती तत्त्वे मृत्यूनंतर नष्ट होत नाहीत, विश्वातील आपापल्या समूहात मिसळतात. परंतु एका देहातून दुसऱ्या देहात प्रवास करणारा आत्मा मात्र नाही, अशी त्यांची मांडणी आहे. प्रवासीच नाही, म्हणून वाटाड्याही नाही. मज्झिम निकायात साती नावाच्या भिक्खूची कथा येते. तेच एक विज्ञान जन्मोजन्मी फिरत राहते, असे तो सांगू लागला, तेव्हा भगवंतांनी त्याला बोलावून घेऊन त्याची समजूत चुकीची असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. म्हणजे हा वाद बाबासाहेबांनी नव्याने उकरून काढलेला नाही. तो संघातच झाला होता.

तरीही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की बौद्ध जगतात सर्वत्र एकच उत्तर आढळत नाही. तिबेटात मृताच्या कानी ग्रंथ वाचून त्याला एकोणपन्नास दिवसांच्या मधल्या अवस्थेतून वाट दाखविण्याची प्रथा आहे. जपानमध्ये अमिताभ बुद्ध आपल्या परिवारासह मरणाऱ्याला न्यायला येतात, अशी श्रद्धा शेकडो चित्रांतून रंगविली गेली. पाली साहित्यातील तिरोकुड्ड सुत्तात भिंतीबाहेर, उंबरठ्याशी येऊन थांबलेल्या मृत आप्तांचे वर्णन आहे. धम्मपदाच्या पियवग्गात म्हटले आहे, की दीर्घकाळाने परदेशाहून परतलेल्या माणसाचे नातलग जसे स्वागत करतात, तसे पुण्यकर्मे माणसाचे परलोकी स्वागत करतात. ‘बौद्ध धम्मात असे काही नाहीच’ असे सांगून आमच्यातील काही कार्यकर्ते मोकळे होतात. ते इतिहासाला धरून नाही. बाबासाहेबांनी या सर्व वाङ्मयातून विवेकाच्या कसोटीवर निवड केली आणि ती निवड उघडपणे केली. आपणही निवडच करीत आहोत, हे आपण मान्य करावे. त्यात कमीपणा नाही.

आमच्या मते या निवडीचा गाभा दोन प्रसंगांत सापडतो. पहिला प्रसंग विनयपिटकातील. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान आनंदासह तेथे आले, त्यांनी पाणी मागविले, स्वतः त्याला धुतले आणि आनंदाच्या मदतीने उचलून मंचकावर ठेवले. नंतर संघाला त्यांनी सांगितले, की ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. दुसरा प्रसंग अनाथपिंडिकाच्या अखेरच्या आजाराचा. सारिपुत्त आणि आनंद त्याच्या घरी गेले. वेदना किती आहेत, वाढताहेत की कमी होताहेत, हे सारिपुत्तांनी प्रथम विचारले. त्यानंतरच उपदेश केला. तो ऐकताना त्या वृद्ध गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी आले. असा उपदेश आजवर आपल्याला कोणी केला नव्हता, गृहस्थांनाही तो ऐकवीत जा, अशी विनंती त्याने केली. या दोन्ही प्रसंगांत सोबत आहे. ती मृत्यूनंतरची नाही, मृत्यूच्या अलीकडची आहे; ती दूतांची नाही, माणसांची आहे.

हे लिहिताना आमच्या मातोश्रींचे अखेरचे दिवस आठवणे अपरिहार्य आहे. शेवटच्या आठवड्यात ती कोपऱ्याकडे पाहून बोलत असे. तिची धाकटी बहीण, जी लहानपणीच पटकीने गेली होती, ती आली आहे असे तिला वाटे. ‘‘बाई आली ना रे? तिले चहा दे,’’ असे ती आम्हाला सांगे. अनेक घरांतील म्हातारी माणसे अखेरीस असे बोलतात, हे वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. आमच्यातला शिक्षक जागा झाला. ‘आई, तेथे कोणी नाही’ असे शब्द ओठांवर आले होते. पण तिच्या चेहऱ्यावर आम्ही कित्येक महिन्यांत न पाहिलेले समाधान होते. आम्ही हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तिचा हात हातात घेऊन एवढेच म्हटले, ‘‘आई, आम्ही आहोत.’’ अशा दर्शनाचा उपयोग आत्म्याचा पुरावा म्हणून करू नये, हे आमचे आजही ठाम मत आहे. परंतु मरणाऱ्याच्या अंथरुणाजवळ वादविवाद जिंकू नये, हेही त्या रात्री आम्हाला कळले.

पुढे जे घडले ते सांगताना मात्र संकोच वाटतो. आई गेल्यावर आम्ही जलदान व पुण्यानुमोदनाचा विधी केला. पंचशील, त्रिशरण, परित्राणपाठ सर्व यथासांग झाले. पण भावकीतून विचारणा सुरू झाली, की मास्तरांच्या आईचे जेवण किती पंगतींचे? आम्ही नाही म्हणू शकलो नाही. मंडप घातला, आचारी बोलावला, दोन भाज्या आणि बुंदी केली. तेराव्याच दिवशी. पतसंस्थेतून काढलेले कर्ज फिटायला पावणेदोन वर्षे लागली. पुरोहित नव्हता, पिंड नव्हता, कावळ्याची वाट पाहिली नव्हती. पण कर्ज तेच, पंगती त्याच, दिवस तोच, आणि ‘लोक काय म्हणतील’ हे भयही तेच. आम्ही तेरवीच केली होती. फक्त पत्रिकेवर नाव वेगळे छापले होते. आणि ज्या आईच्या नावाने हे सारे झाले, तिच्या आजारपणात रात्रीच्या पाळीला बसायला आमच्याखेरीज दुसरे कोणी नव्हते. पंगतीला मात्र साडेतीनशे पाने उठली.

आपल्या समाजापुढील आजचा प्रश्न हा आहे. यमदूतांवर विश्वास ठेवणारे आपल्यात थोडे उरले असतील. परंतु अक्षय तृतीयेला गुपचूप घागर भरणारी, मेलेल्याच्या जागी पीठ पसरून सकाळी त्यात पाऊल कोणाचे उमटले ते पाहणारी घरे आमच्या परिचयाची आहेत. त्यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या मनातली मूळ भूक आपण भागविली नाही, म्हणून ती जुन्या ताटाकडे वळतात. आपण त्यांना सांगितले की आत्मा नाही; आपण त्यांना असे नाही सांगितले की ‘आम्ही येतो, तुमच्या माणसाजवळ बसतो.’ शिकलेली पिढी पुण्याला, मुंबईला, परदेशी गेली. मोर्शीच्या आणि आसपासच्या खेड्यांच्या वस्त्यांत म्हातारी माणसे एकटी आहेत. जिल्ह्याच्या दवाखान्यात खाटेवर कोणी अखेरचे श्वास घेत असते आणि शेजारी नातलग नसतो. नंतर मात्र व्हॉट्सॲपवर भावपूर्ण श्रद्धांजलीचे शंभर संदेश येतात.

सोबत कशी असावी याची दोन उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. अंबादेवी मंदिराच्या सत्याग्रहाचा प्रश्न ऐरणीवर होता. त्याच परिषदेत त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या मुंबईतील निधनाची वार्ता येऊन पोहोचली. परिषदेने दुखवट्याचा ठराव केला. घरापासून इतक्या दूर, वऱ्हाडच्या भूमीवर, त्या क्षणी बाबासाहेबांच्या भोवती त्यांचा समाज होता. दुसरे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. त्या रात्री पार्थिव विमानाने मुंबईला आले, आणि ७ डिसेंबरला राजगृहापासून दादरच्या चौपाटीपर्यंत लाखो माणसे त्याच्यासोबत चालली. तेथे चितेपाशीच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्या जनसमुदायाने आपल्या पित्याला परलोकी सुखरूप पोहोचविण्यासाठी गायी दान केल्या नाहीत. त्याने अर्धवट सोडलेले काम आपल्या अंगावर घेतले. मृताची सोबत करण्याचा याहून मोठा प्रकार आम्हाला ठाऊक नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे आम्ही काही साध्या गोष्टी ठेवीत आहोत. पहिली: आपल्या गावात, वस्तीत कोणी अंथरुणाला खिळले असेल तर पाळ्या लावून त्याच्याजवळ बसावे. पाच माणसांनी आठवड्यातून एकेक रात्र दिली तरी एका घराचा भार निम्म्याहून अधिक हलका होतो. दुसरी: जलदान विधी सकाळी एका तासात, चहापाण्यावर आटोपावा, पंगत घालूच नये, आणि कोणी घातली तर आपण जेवायला बसू नये. ऐपत असलेल्यांनी हा पायंडा आधी पाडावा, म्हणजे ऐपत नसलेल्यांना तो लाजेने स्वीकारावा लागणार नाही. तिसरी: जेवणावळीचा वाचलेला खर्च मृताच्या नावे एखाद्या विद्यार्थ्याच्या पुस्तकांसाठी किंवा प्रवेशशुल्कासाठी द्यावा. चौथी: अंत्ययात्रेत पत्नीला, लेकीला, सुनेला सोबत येऊ द्यावे, आणि विधवेच्या बांगड्या कोणी फोडू नयेत. आणि पाचवी: मुलांना अंत्यविधीपासून दूर ठेवू नये, पण तेथून आल्यावर त्यांच्याशी बोलावे. नाहीतर त्यांच्याशी शेजारची काकू बोलेल.

आमचा तो विद्यार्थी पुढे दहावी होऊन गेला. त्या संध्याकाळी, त्याच्या दुसऱ्या प्रश्नानंतर, आम्ही बराच वेळ निरुत्तर बसलो होतो. मग आम्हीच त्याला विचारले, की आबा गेले तेव्हा जवळ कोण होते? तो म्हणाला, आजी होती, बाबा होते, मोठी आत्या होती. आत्या पाय चेपत होती. त्याने स्वतः चमच्याने पाणी पाजले होते. अर्धे गालावरून ओघळले, ते त्यानेच पुसले. आम्ही म्हटले, ‘‘मग आबा एकटे कुठे गेले? शेवटपर्यंत तुम्ही सगळे होतातच की. सोबत म्हणतात ती एवढीच, आणि ती तू केलीस.’’

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठून हातपाय धुऊन जेवायला गेला. भोजनगृहात त्याचे ताट एका मित्राने झाकून ठेवले होते.